अपेंडिक्सचं टोक

“धुळाप्पाला फक्त जुने डबे रिकामे करायचे होते. एवढंच काम,” सिद्धरामकाका म्हणाले.

भवानी पेठेतल्या त्यांच्या गच्चीवर आम्ही बसलो होतो, मी आणि माझी चुलतबहीण संस्कृती. जेवणं झाली होती, लाइट गेली होती. काका तीस वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होते आणि धुळाप्पा त्यांच्याच हाताखाली शिकलेला. त्यामुळे ही गोष्ट खोटी आहे असं मला म्हणता येत नाही. म्हणावंसं फार वाटतं.

“डबे कसले?” मी विचारलं.

“माणसांचे.”

“काका!”

“अगं, ऑपरेशनमध्ये काढलेला भाग लॅबमध्ये येतो की. दोन-तीन तुकडे तपासायचे, उरलेला औषधात बुडवून डब्यात ठेवायचा. महिन्यानं टाकून द्यायचा. त्या कचऱ्याची गाडी सकाळी सहाला येते, म्हणून आदल्या रात्री पिवळ्या पिशवीत भरून ठेवायचं.”

दोन हजार बावीसची वेळ अमावस्या, शेतात पूजा करून तिथंच जेवायचा सण. तेवीस डिसेंबर, शुक्रवार. लॅबच्या डॉक्टरीणबाई कुणाच्या तरी शेतावर जेवायला गेलेल्या. धुळाप्पाही अक्कलकोटकडं गावी आंबील आणि मिसळीच्या भाज्यांची भज्जी खाऊन रात्री साडेनऊला शुक्रवार पेठेत परत आला. लॅब उघडली, आतून कडी लावली.

“एवढी भज्जी खाल्ल्यावर झोपच लागली असणार त्याला,” संस्कृती हसली.

“ऐक तर, शहाणे.”

सात डबे पिशवीत गेले. आठवा हातात घेतला, तेवढ्यात मागून आवाज आला.

“त्येचं टोक बघितलंस का रं?”

पेशंटच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. डोक्यावरून पदर. एक हात पोटावर दाबलेला.

“आजी, लॅब बंद हाय. उद्या या.”

“सकाळी गाडी घिऊन जाती की.”

धुळाप्पानं डब्यावरची चिठ्ठी वाचली. सोनम, वय एकोणीस, अपेंडिक्स. रिपोर्ट महिन्यापूर्वीच गेलेला: साधी सूज.

“अपेंडिक्स म्हणजे करंगळीएवढं आतडं,” काकांनी स्वतःची करंगळी वर धरली. अंधारात ती मला नीट दिसली नाही, तेच बरं. “ते कापायची रीत ठरलेली. मधून दोन चकत्या घ्यायच्या आणि टोक उभं चिरायचं. कॅन्सरची एक दुर्मिळ गाठ असते, ती बहुतेक वेळा टोकातच लपते. मीच शिकवलं होतं त्याला. सोनमचं अपेंडिक्स आलं त्या दिवशी कामाचा ढीग होता, धुळाप्पासाहेबांनी दोन चकत्यांवर भागवलं. टोक तसंच. डॉक्टरीणबाईंना वाटलं, घेतलंय. आणि पोरगी तिकडं पोलीस भरतीसाठी मैदानावर पळायला लागलेली.”

म्हणजे डबा सकाळी गेला असता, तर ते कधीच कुणाला कळलं नसतं.

धुळाप्पानं मान वर केली.

बाक रिकामा होता.

कडी आतून तशीच.

संस्कृती आता हसत नव्हती. मी तिचा हात धरला. गार होता. माझाही असेल.

“त्यानं टोक चिरलं. आत पिवळं… हरभऱ्याच्या डाळीएवढं. घट्ट.”

खाली रस्त्यावर एक रिक्षा गेली.

तुकडा जाळीच्या छोट्या डबीत ठेवला. पेन्सिलनं नंबर टाकला. रात्रभर चालणाऱ्या मशीनमध्ये ती एकच डबी. झाकण लावलं. घरी जायचं धाडस नव्हतं, दिवा लावून तिथंच बसला. मशीनमधली टोपली दर तासाला वर येते, दुसऱ्या औषधात उतरते. एक वाजता वर आली. दोनला आली. तीनला…

“तीनला काय?”

“कुणीतरी कण्हलं.”

सकाळी त्यानं बाईंना सगळं कबूल केलं. बाई खवळल्या. “पोरीचा जीव गेला असता, कळतंय का तुला?” तुकड्याचा पातळ काप चढवून काच तयार झाली, मायक्रोस्कोपखाली गेली. गाठच होती, बाहेरच्या चरबीत शिरलेली. सोनमच्या आईला, रुपालीताईंना, बोलावून घेतलं. जानेवारीत दुसरं ऑपरेशन झालं. पोरगी वाचली.

“आणि ती म्हातारी?” मी विचारलं.

“धुळाप्पानं वर्णन सांगितलं, तसं रुपालीताईंनी त्याला मधेच थांबवलं. म्हणाल्या, ‘ही माझी आई. चिमाबाई. पोट दुखून दुखून गेली, बारा वर्षं झाली. काय झालं हुतं, कुणाला सांगताच आलं न्हाय.’”

संस्कृती म्हणाली, “काका, धुळाप्पाचा भास असेल. रात्रीची वेळ, एकटा माणूस, त्यात चूक मनाला खात असणार…”

“असेल.”

“मग?”

“त्या सकाळी मशीन उघडलं, तेव्हा टोपलीत डब्या दोन होत्या.”

“दोन? त्यानं तर एकच ठेवली होती ना?”

“एकीवर नंबर. दुसरी कोरी. बाईंनी तिचीही काच केली. गाठ तीच. पण जीव घेईल इतकी पसरलेली. आणि तुकडा अपेंडिक्सचा नव्हता.” काकांनी आवाज खाली आणला. “लिव्हरचा होता. सोनमच्या लिव्हरला कुणी हातसुद्धा लावलेला नव्हता.”

लाइट आली. मी किंचाळले.

काका हसले नाहीत. “ती काच अजून बाईंच्या ड्रॉवरमध्ये आहे,” ते म्हणाले. “नावाची जागा कोरी.”