एकशे चौथा पराभव

मे महिन्यातल्या एका सकाळी नडीन कोवाच मैदानावर चुन्याची रेघ ओढत होती, आणि कुणीतरी बूट हातात धरून, अनवाणी, तिच्या गवतावरून चालत येत होतं.

दव अजून सुकलं नव्हतं. त्याच्या पावलांमागे गडद हिरवी वाट उमटत होती. उंच, किंचित पोक काढून चालणारा, खांद्यावर पिशवी. नडीनने चुन्याची गाडी थांबवली.

"ए, गवतावरून उतर. महिनाभर जपलंय मी ते."

"म्हणून तर बूट काढले," तो म्हणाला.

तो रेघेपाशी आला, थबकला, आणि डबकं ओलांडावं तशी उडी मारून पलीकडे गेला. तिला हसू आलं.

"चावत नाही ती. नुसता चुना आहे."

"आम्हा चेंडू फेकणाऱ्या पिचरांना चावते. रेघेवर पाय पडला की त्या दिवशी हार ठरलेली."

"आमच्याकडे उड्या मारूनही हरतात," नडीन म्हणाली. "बघशील."

त्याचं नाव वेंडेल टॅकेट. केंटकीच्या खाणींच्या खोऱ्यातला. वरच्या दर्जाच्या संघाने त्याच्या डाव्या हातातला वेग कमी झाला म्हणून त्याला खाली, ओहायो नदीकाठच्या या लहानशा गावात, हेरन्स या बेसबॉल संघात पाठवलं होतं. मैदानाची निगा तीस वर्षं नडीनचे पपा, एमिल, राखत आले होते. यंदा त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला, आणि मैदान नडीनकडे आलं. हाताखाली आठ बाप्ये. पहिला महिनाभर ते तिला 'साहेब' म्हणून चिडवायचे. मग तिच्या हाताखालचं गवत पाहून खरंच म्हणू लागले.

त्या दिवसानंतर वेंडेल रोज सगळ्यांच्या आधी यायचा. नदीवरून धुकं सरकत असायचं, कापलेल्या गवताचा ओला वास सुटलेला असायचा, आणि तो पाण्याचा पाइप धरून तिच्या मागे मागे फिरायचा. मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर उभं राहून चेंडू टाकताना पुढचा पाय घसरतो, अशी त्याची तक्रार होती. तिने तिथे चिकणमाती भरली, ओली करून धुमसली, पुन्हा भरली. सामन्याच्या वेळी तो त्या जागेवर पाय दाबून बघायचा, आणि दूर कुंपणापाशी उभ्या असलेल्या नडीनकडे पाहून टोपीचा कोपरा जरासा ओढायचा... कुणाच्या लक्षातही येत नसे. तिच्या मात्र दिवसभर लक्षात राही.

आणि हेरन्स हरत होते. कसे हरत होते म्हणून सांगावं! कधी शेवटच्या चेंडूवर, कधी पहिल्याच डावात. एकदा तर दोघे खेळाडू एकाच झेलाखाली येऊन 'घे तू', 'नको, तूच घे' करत राहिले आणि चेंडू दोघांच्या मधोमध पडला. लागोपाठ तीन सामने जिंकेपर्यंत दाढी करणार नाही, असं गावातल्या न्हाव्याने जूनमध्ये जाहीर केलं होतं. ऑगस्टमध्ये ती दाढी त्याच्या छातीवर आली.

या लीगमध्ये एका हंगामात सर्वांत जास्त हरण्याचा जुना विक्रम होता एकशे तीनचा. सप्टेंबर लागला आणि तो आकडा जवळ दिसू लागला, तसं वेंडेलचं थट्टा करणं बंद झालं. एका सकाळी पाइप गुंडाळता गुंडाळता त्याने सांगितलं, की त्याचा खाणीतला बाप वर्तमानपत्र मागच्या, खेळाच्या पानापासून वाचतो. आणि विक्रमाच्या पुस्तकात नुसतं संघाचं नाव लिहीत नाहीत, हरलेल्या पिचरचंही लिहितात. शेवटच्या सामन्याला पिचर तोच होता. सामन्याच्या दुसऱ्या दिवशीच्या, घरी जायच्या बसचं तिकीटही काढून ठेवलं होतं.

"हं," नडीन म्हणाली. आणि पाइपचं उरलेलं टोक तिनेच गुंडाळून टाकलं.

शेवटचा दिवस उजाडला तेव्हा हेरन्स बरोबर एकशे तीन सामने हरले होते. विक्रमाची बरोबरी झालेली. हरणं पाहायला आसपासच्या गावांतून माणसं आली होती. चौथ्या डावात पाहुणे सहा, हेरन्स एक. आणि नदीपलीकडून शाईसारखं आभाळ चालून आलं.

नियम सगळ्यांना पाठ होता. पाच डाव पुरे व्हायच्या आत पावसाने मैदान बुडालं, तर तो सामना झालाच नाही असं धरायचं. हंगामाचा शेवटचा दिवस. पुन्हा खेळायला उद्याही नव्हता. संघाचा मॅनेजर गस हार्लन हळूच नडीनजवळ आला आणि आभाळाकडे बघत पुटपुटला, की पोरी, आज तुझे हात जरा जड झाले तर मी काही पाहिलेलं नाही.

खेळ थांबवायला अंपायरने हात वर केले. मैदान झाकायच्या ताडपत्रीच्या लांबलचक गुंडाळीपाशी आठ जण नडीनच्या शब्दाची वाट बघत उभे राहिले. तीस वर्षांत पपांनी एकदाही उशीर केला नव्हता. नडीनला ते माहीत होतं. पण वर्तमानपत्राचं ते मागचं पानही तिला दिसत होतं, आणि ते उलटणारे कोळशाने काळवंडलेले हात... वारा उलटा आहे, गुंडाळी पलीकडच्या बाजूने आणा, असं ती म्हणाली. वारा मुळीच उलटा नव्हता. आठही जणांनी एकमेकांकडे पाहिलं आणि जाणूनबुजून हळूहळू निघाले. उंचवट्याभोवती पाणी चमकू लागलं.

तेवढ्यात वेंडेल पावसातून धावत आला आणि त्याने गुंडाळीला हात घातला.

"नडीन, ओढ."

"दहा मिनिटं थांब ना. सगळं धुऊन जाईल."

"माहीत आहे मला. म्हणूनच ओढ म्हणतोय." त्याच्या पापण्यांवरून पाणी गळत होतं. "उद्या लोक म्हणतील, टॅकेट हरला. म्हणू देत, हरतोच आहे मी. पण कोवाचच्या पोरीने मैदान बुडू दिलं असं कुणी म्हटलेलं... ते मला नाही चालणार."

नडीनने क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. मग तिने अशी हाक दिली की आठही जण पळत सुटले.

ताडपत्री सरसरत उलगडली. आणि नेमका तेव्हाच वारा तिच्या पोटात शिरला. ती शिडासारखी फुगली, नडीनचा पाय घसरला, तिला सावरायला गेलेला वेंडेलही आडवा झाला — आणि ती भलीमोठी ताडपत्री दोघांच्या अंगावर अलगद उतरली.

आत हिरवा अंधार होता. वर पाऊस ढोलासारखा वाजत होता. ओल्या मातीचा वास, आणि अगदी जवळ त्याचा श्वास.

"आता सगळे हसतील," ती म्हणाली.

"हसू देत. उन्हाळाभर सवय झालीय." "मे महिन्यापासून मी रोज पहाटे उठतोय, नडीन. बेसबॉलसाठी कुणी इतक्या लवकर उठत नाही."

तिने चिखलाचा हात त्याच्या हातात दिला. तिला तिथून बाहेर यायची मुळीच घाई नव्हती...

दोघं रांगत बाहेर आली तेव्हा प्रेक्षकांनी वर्षातल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या वाजवल्या.

पाऊस अर्ध्या तासात थांबला. ताडपत्री ओढून काढली, खाली माती खेळण्याजोगी होती. इतक्या खोळंब्यानंतर पिचरचा हात आखडतो, दुसरा पिचर आणतात. पण हेरन्सकडे दुसरा उरलाच नव्हता. वेंडेलने त्यानंतर एकही धाव दिली नाही. हेरन्सनी तीन काढल्या. सहा-चार. एकशे चौथा पराभव.

आधी गावातली माणसं टाळ्या वाजवत उभी राहिली, मग बाहेरून आलेलीही. वार्ताहराने वेंडेलला विचारलं, पुस्तकात नाव गेलं, कसं वाटतंय? मैदान उत्तम होतं, एवढंच तो म्हणाला.

संध्याकाळी गर्दी पांगली. पश्चिमेला पिवळसर उघडीप होती. जमीन ओली आहे तोवर नडीन उंचवट्यासमोरच्या उघड्या पट्ट्यात गवताचं बी पेरायला बसली. वर बघायचं तिने टाळलं. सावली जवळ आली, शेजारी बसली, आणि तिच्या पिशवीतून मूठभर बी घेतलं.

"असं दाट नाही टाकायचं," ती म्हणाली. "विरळ टाक."

त्याने विरळ टाकलं. जरा वेळाने त्याने विचारलं, की हे उगवायला किती दिवस लागतात.

"तीनएक आठवडे."

"मग तीनएक आठवडे थांबतो."

"आणि तिकीट?"

"सकाळी परत करीन." तो मातीवरून हात फिरवत होता. "बापाला पत्रही लिहायचंय. विक्रमाचं तो वाचेलच. बाकीचं मलाच लिहायला हवं."

नडीनने आणखी थोडं बी त्याच्या ओंजळीत ओतलं.

"आणि उगवल्यावर?" तिने अगदी हळू विचारलं.

"उगवल्यावर ते कापायला नको का कुणी?"