भयकुलूप

टेक्ससमधल्या त्या प्रयोगशाळेत डॉ. शर्वाणी माजगावकर सात वर्षं एकाच पिस्तुलाच्या मागे हात धुऊन लागली होती. मिरजेत वाढलेल्या शर्वाणीनं लहानपणी बंदूक पाहिली ती बँकेच्या दारात पेंगणाऱ्या रखवालदाराच्या मांडीवर, तेवढीच. घराला दिवसभर कडी नसायची. हाक मारली की अख्खी गल्ली गोळा व्हायची. हे ऐकून तिचा कामातला जोडीदार, सत्तरीचा बंदूक-कारागीर अर्ल, गालातल्या गालात हसायचा. त्याची मुलगी रूथ तीन वर्षांच्या लेकीला, टेसला, घेऊन एका माळावर एकटी राहत होती. तिथं हाक ऐकणार कोण? पोलीस पाऊण तासावर.

दोघांनी मिळून घडवलं ते भयकुलूप. पिस्तुलाच्या मुठीतले संवेदक ते धरणाऱ्याची नाडी, घाम आणि थरथर वाचायचे. जिवाची भीती खरी असेल तरच दिवा हिरवा आणि चाप मोकळा. रागाच्या भरात कुणी उचललं, किंवा टेसनं खेळायला घेतलं, तर दिवा लाल. टेसपायीच रूथनं आपली जुनी बंदूक वडिलांकडे ठेवून पहिलं भयकुलूप घरी नेलं होतं.

मंगळवारी भर दुपारी एक माणूस सुरा घेऊन तिच्या स्वयंपाकघरात घुसला. रूथनं पिस्तूल रोखलं. दिवा लाल होता. तिच्या दंडावर वार करून तो गाडीची किल्ली घेऊन पळाला, म्हणून मायलेकी वाचल्या.

दुसऱ्या दिवशी अर्लनं ते पिस्तूल मुकाट्यानं टेबलावर ठेवलं. शर्वाणीनं आतली नोंद काढली. पिस्तूल धरताना रूथची नाडी होती एकशे पन्नास. चौथ्या सेकंदाला, नेम धरला तेव्हा, नव्वद.

"बिघाड नाही," ती हळूच म्हणाली. "रूथ घाबरलेलीच नव्हती."

"घाबरली होती. बंदूक हातात येईपर्यंत." अर्ल खुर्चीत बसला. "सहा वर्षांची असताना मी तिला नेम धरायला शिकवलं, डॉक्टर. बंदूक हातात आली की आमच्या माणसांना धीर येतो. तुमच्याकडच्यांना येत नाही?"

भीतीची मोजपट्टी शर्वाणीनं बेतली होती मिरजेच्या चाळीस कॉलेजकुमारांवर. भीती ती भीती, मिरजेत काय नि टेक्ससमध्ये काय, असं तिनं धरून चाललं होतं. लुटुपुटीच्या हल्ल्यात ती पोरं भ्यायली होती खरी, पण हल्लेखोराला कमी आणि हातातल्या पिस्तुलाला जास्त. तिनं स्वतः पिस्तुलाची मूठ धरून पाहिली. समोर कुणी नसताना दिवा हिरवा झाला.

मोजपट्टी खाली आणावी, तर शांत हातालाही चाप मोकळा होणार. आणि खेळणाऱ्या टेसचा हात शांतच असणार.

दुपारी दंडाला पट्टी बांधलेली रूथ आपली जुनी बंदूक न्यायला आली. हे कसं दगा देतं ते वडिलांना दाखवायचं म्हणून तिनं एकदा भयकुलूप उचललं. तिचा त्याच्यावरचा भरवसा पार उडाला होता. मंगळवार आठवून हात कापायला लागला. दिवा हिरवा झाला.

"उघडलं, बाबा," ती म्हणाली. तिचा जीव भांड्यात पडला, खांदे सैल झाले.

दिवा लाल झाला.

रूथनं ते टेबलावर ठेवलं आणि जुन्या बंदुकीसाठी हात पुढे केला. शर्वाणी म्हणाली, "तिला कुलूप नाही, रूथ."

"माहीत आहे," रूथ म्हणाली. "वरच्या फळीपर्यंत टेसचा हात पोचायला अजून दोनेक वर्षं आहेत."