नव्वद दिवसांचा रफू

चाळीस माग धडाडत होते आणि कांचन म्हेत्रेला त्यातला एकही ऐकू येत नव्हता. शेडची जमीन हादरत होती, ते तळपायांना कळत होतं. आडवा धागा नेणारे धोटे उभ्या धाग्यांमधून इकडून तिकडे पळताना दिसत होते. कानात मात्र गाभाऱ्यासारखी शांतता होती आणि त्या शांततेत एकच आवाज होता, शेजारी बसून बोलावं तसा स्पष्ट.

"कसं वाटतंय, मॅडम?"

विचारणारा इंद्रनील देवधर 'स्वरधारा' कंपनीचा माणूस. पुण्याहून आलेला, कपड्यांवर कापसाची तुसं बसू नयेत म्हणून दाराशीच थबकलेला. कांचनच्या कानामागे त्यानेच पाच मिनिटांपूर्वी 'निर्मळ' नावाचं नवं यंत्र चिकटवलं होतं. एक दिवस वापरून बघा, आवडलं तर फुकट ठेवा, असा कंपनीचा प्रस्ताव होता.

कांचनचे दोन्ही कान नवव्या वर्षी तापात गेले. एकोणिसाव्या वर्षी शस्त्रक्रिया होऊन डोक्यात एक रोपण बसलं. कानामागच्या यंत्राने टिपलेला बाहेरचा आवाज विजेच्या ठोक्यांत बदलून ते थेट मज्जातंतूला देतं. मधली दहा वर्षं ती माणसांचे ओठ वाचत जगली. जीभ थोडी जड राहिली, शब्द गिळल्यासारखे येतात. पण इचलकरंजीत धोट्याचे माग शिल्लक असलेल्या दोन शेडपैकी एकीची ती जॉबर आहे. जॉबर म्हणजे मागाचा वैद्य. कुठला माग पाव तासाने बिघडणार, हे ती ठोक्यांवरून आधीच ओळखते. बाईमाणूस जॉबर झाली म्हणून नाकं मुरडणारे सगळे एव्हाना गप्प झाले आहेत.

"ग्वाड वाटतंय," ती म्हणाली, "पर माग कुटं गेलं?"

"तो गोंगाट आहे, मॅडम. निर्मळ गोंगाट काढून टाकतं."

त्याच क्षणी अकराव्या मागाचा धोटा उडाला. पोलादी टोकाचा तो लाकडी तुकडा कांड्या भरणाऱ्या बाईच्या डोक्यापासून हातभर अंतरावर खांबावर आदळला. बाई मटकन खाली बसली. सगळ्यांनी कांचनकडे पाहिलं. धोटा उडायच्या आधी ती माग थांबवत नाही, असं आजवर कधी घडलं नव्हतं.

मालक बाळगोंडा मगदूम धावत आले. त्यांच्या ओठांवरून कांचनने एक सणसणीत शिवी वाचली. कानात मात्र अदबीने शब्द आले, "कृपया कामाकडे लक्ष द्या."

वीस वर्षांत मगदुमांनी कुणाला 'कृपया' म्हटलेलं तिने पाहिलं नव्हतं. तिने देवधरकडे वळून विचारलं, "ह्ये कोण बोललं?"

देवधरला प्रश्न कळायला वेळ लागला. मग त्याने सांगितलं, की शब्द अस्पष्ट असेल तर निर्मळ त्याचा अर्थ ओळखतं आणि स्वच्छ वाक्य तयार करून देतं, बोलणाऱ्याच्याच आवाजात. अपशब्द गाळले जातात, बोलीतलं बोलणं प्रमाण होतं. लोकांना फार आवडतंय.

"बंद करता येतंय?"

"पुढच्या आवृत्तीत तसा विचार आहे."

कांचनने यंत्र काढून त्याच्या हातावर ठेवलं आणि आपलं जुनं, कडा झिजलेलं यंत्र कानामागे लावलं. चाळीस मागांचा कल्लोळ एकदम डोक्यात शिरला आणि तिच्या जिवात जीव आला. अकरावा तर बंदच होता, पण तिसरा किंचित लंगडत होता. ती पाना घेऊन तिकडे निघाली.

देवधर मागोमाग आला. मुलगा वाईट नव्हता, त्याला खरंच काळजी वाटत होती. "मॅडम, गुरुवारी संध्याकाळी पाचला तुमची मुदत संपते. नंतर जुनं यंत्र जुळवता येणार नाही. तुमच्या सासूबाईंनाही कमी ऐकू येतं ना? रोपण नसलं तरी हे चालतं, त्यांच्यासाठीही फुकट देतो आम्ही."

"आमच्या आक्कांना द्या की," कांचन हसली. "निम्म्या गावातल्या सासवा रांग लावतील, सुनांची तोंडं ग्वाड करून मिळत्यात म्हटल्यावर."

हसली खरी, पण गुरुवारची मुदत खोटी नव्हती. रोपणातून येणारा आवाज हळूहळू बेसूर होत जातो. दर तीन महिन्यांनी तो जुळवावा लागतो, आणि जुळवायचा प्रोग्राम एकाच बावीस वर्षांच्या लॅपटॉपवर चालतो. सुरक्षेसाठी रोपणात एक कुलूप आहे. समोरच्या लॅपटॉपची कार्यप्रणाली गेल्या नव्वद दिवसांत अद्ययावत झालेली असेल, तरच ते उघडतं. एकदा मुदत चुकली, की ते त्या लॅपटॉपला कायमचं ओळख दाखवत नाही. त्या कार्यप्रणालीच्या कंपनीने तर सात वर्षांपूर्वीच हात झटकले. पडद्यावर रोज सकाळी पाटी येते: 'हे उपकरण कालबाह्य आहे. कृपया नवे घ्या.'

ही पाटी वाचून मुजावर सर रोज एक शिवी देतात आणि मग चहा पितात. निसार मुजावर श्रवणतज्ज्ञ. दवाखान्याने तो लॅपटॉप भंगारात काढला तेव्हा त्यांनी घरी आणला. त्यांचे वडील शहापुरात रफूचं काम करायचे. उंदराने कुरतडलेला शालू असा सांधायचे, की नेसणारीलाही भोक सापडू नये. कंपनीने सोडलेली ती प्रणाली जगभरातली चारेकशे हट्टी माणसं दर तीन महिन्यांनी दुरुस्त करून एकमेकांना पाठवतात. कुणाचा एक्स-रे तिच्यावर चालतो, कुणाचा कृत्रिम हात. त्या दुरुस्तीला मुजावर सर रफू म्हणतात. आता परदेशातली माणसंही पत्रात 'रफू' असंच लिहितात, याचा सरांना कोण अभिमान!

या वेळचा रफू मात्र बसत नव्हता.

गुरुवारी कांचन अर्धी पाळी टाकून एक वाजता सरांच्या घरी पोचली. रविवारपासून सरांनी नऊ वेळा प्रयत्न केला होता. दर वेळी बासष्ट टक्क्यांवर गाडी अडायची, दहा मिनिटं घुटमळायची आणि पाटी यायची: 'फाइल सदोष आहे.' सरांनी फाइल चार वेळा नव्याने उतरवून घेतली. बाकीच्या रफूगारांनी कळवलं, की त्यांच्याकडे ती व्यवस्थित बसतेय. सरांनी हात टेकले होते.

"कांचन, माझं ऐकशील?" ते म्हणाले. "मी पंच्याहत्तरीचा झालो. आज जमलं तरी नव्वद दिवसांनी पुन्हा हेच. मी नसलो तर? तू ते नवं घेऊन टाक बाई. निदान ऐकू तरी येईल."

"सर, त्ये ऐकू येणं न्हवं. कुणीतरी वाचून दाखवल्यागत हाय. मला काय ऐकवायचं आणि काय न्हाई, त्ये दुसरंच कोणतरी ठरवतंय. माझा कान हाय का त्येंचा?"

"आणि नोकरी?"

"त्ये लावलं तर माग ऐकूच येत न्हाईत, नोकरी तशी बी जाईलच. पर मला मालकांची शिवी बी पायजे. त्येंनी दिलीया, माझ्यासाठी दिलीया, ती माझ्यापत्तुर पोचाय नको?"

सर हसले, आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी दहाव्यांदा बटण दाबलं. चाळीस टक्के. पंचावन्न. साठ. बासष्ट. आकडा थांबला.

कांचनने मान तिरकी केली. "सर, पंखा बंद करा."

सरांनी पंखा बंद केला.

"फ्रीज बी."

सरांनी फ्रीजची पिन काढली. कांचनने लॅपटॉपवर डोकं टेकलं, मागाच्या चौकटीला टेकायची तसं. या लॅपटॉपमध्ये जुन्या पद्धतीची फिरती तबकडी होती. तिच्यावरून एक सुई सरकते आणि लिहिते. आजवर कांचनने तिचा आवाज ऐकलाच नव्हता; जुळवणी चालू असताना तिचा कान बंद असायचा, आणि एरवी तिकडे लक्ष द्यायचं कारण नव्हतं. आता ऐकू आलं: टक, टक, टर्रर. जरा शांतता. टक, टक, टर्रर. तिने बोटांवर मोजलं. सात वेळा तेच, मग दम खाऊन पुन्हा सात वेळा.

ती उठून बसली. तिला हसू आवरेना. "सर, फाइल सदोष न्हाई. धोटा पेटीत बसंना झालाय."

"काय?"

"धोटा पलीकडं गेला, की पेटीत बसाय पायजे. पेटीला खड्डा पडला, की आपटतोय आणि माघारी येतोय. ही सुई एकाच जागी आपटायलीया. तबकडीलाच खड्डा पडलाय, आणि ह्ये येडं फाइलीला नावं ठेवतंय!"

सरांनी लगेच तबकडीची तपासणी सुरू केली. तिला तब्बल अडीच तास लागले. मध्ये देवधरचा संदेश येऊन गेला, 'मॅडम, पाचनंतर काही करता येणार नाही.' कांचनने तो वाचला आणि चहा टाकायला उठली. पावणेचारला तपासणी संपली. एका जागी तबकडी खरोखरच खराब झाली होती. सरांनी त्या जागेवर फुली मारली, रफूला दुसरी जागा नेमून दिली आणि अकराव्यांदा बटण दाबलं.

साठ. एकसष्ट. बासष्ट. टक, टक.

त्रेसष्ट.

चार वाजून पंचेचाळीस मिनिटांनी पाटी आली: 'आपली प्रणाली अद्ययावत आहे.' कुलूप उघडलं. सरांनी जुळवणी केली. कांचनच्या कानातले उंच सूर धारदार झाले, खिडकीबाहेरच्या चिमण्या पुन्हा चिमण्यांसारख्या वाजू लागल्या.

"नव्वद दिवस," सर म्हणाले.

"लई झाले. त्या खड्ड्याचं बी सगळ्यांस्नी कळवा. आणि पुढच्या येळंला बटण मी दाबणार. मला समदं शिकवून ठेवा."

ती घरी आली तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. आक्का, तिच्या सासूबाई, चुलीशी पिठलं घोटत होत्या. लग्न होऊन आली त्या दिवशी त्या म्हणाल्या होत्या, मला आई म्हण. कांचनला ते जमलं नव्हतं. तिची आई तेव्हा हयात होती, तो शब्द तिचा होता. पुढे आई गेली, शब्द तसाच राहिला. आक्कांनी पुन्हा कधी विषय काढला नाही. 'भवाने, कुटं उलथली हुतीस' म्हणत वीस वर्षं पहिलं ताट मात्र कांचनसमोरच आलं.

कांचन पाटावर बसली आणि आपल्या जड जिभेने ओरडली, "आक्का, वाढा की लवकर! पोटात कावळं वरडायल्यात."

आक्कांच्या हातातला डाव खाली पडला. त्या वळल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

"काय म्हणालीस? आई म्हणालीस मला? आणि किती सुद्द बोललीस गं, एक शब्द गिळला न्हाईस!"

कांचनला काहीच कळेना. मग आक्कांच्या पदराआड तिला दिसलं: कानामागे पांढरं, शेंगदाण्याएवढं यंत्र. देवधर दुपारी येऊन गेला होता.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस वर्षांत न उच्चारलेला शब्द कुणीतरी तिच्या तोंडात घालून या बाईच्या कानात ओतला होता, तिच्याच आवाजात. आणि म्हातारी खुळ्यासारखी खूश झाली होती. काही न बोलता राहिलं, तर आक्का मरेपर्यंत सुखात राहिल्या असत्या. ते सुख हिरावून घ्यायचा आपल्याला काय अधिकार, हा विचार कांचनच्या मनात आला, नाही असं नाही.

ती उठली. आक्कांचा पदर बाजूला करून तिने ते यंत्र अलगद काढलं आणि मुठीत आवळून धरलं. आक्का गोंधळून तिच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांना ओठ वाचता येत नव्हते.

कांचन त्यांच्या कानाशी वाकली आणि आपल्या स्वतःच्या, शब्द गिळणाऱ्या आवाजात म्हणाली, "आई."

आक्कांनी कानामागे हात धरला. चुलीवर पिठलं रटरटत होतं.

"आँ?" त्या म्हणाल्या. "काय म्हणालीस, भवाने? परत बोल की!"