मुंग्या येतायत का?

कवळीवाल्यानं तिच्याकडे बघायला मान वर केली आणि मान तिथंच अडकली.

बाबांची कवळी सकाळी बेसिनमध्ये पडून दुभंगली होती. बाबा तोंड मिटून रुसून बसले होते, आणि ती कामावर जाता जाता दोन तुकडे डबीत घालून, भिजत, त्या छोट्याशा दुकानात शिरली होती. टेबलावर गुलाबी मेण आणि पांढऱ्या भुकटीचा पसारा होता. दिव्याखाली एक तरुण माणूस खाली वाकून कुणाच्या तरी दातांच्या कडेवरून बोट फिरवत होता. त्यानं झटकन वर पाहिलं, "आई गं" म्हणाला, आणि पुढचा सगळा वेळ छताशी बोलल्यासारखा तिच्याशी बोलत राहिला.

तिला हसू आवरेना. पण ते तिच्या पेशाला शोभलं नसतं, कारण ती फिजिओथेरपिस्ट होती. तिनं त्याच्या मानेला हात लावून पाहिला – नुसता दगड.

"कधीपासून दुखतंय?"

"तुम्ही येईपर्यंत चालत होतं," तो छताला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो तिच्या क्लिनिकमध्ये हजर झाला. पडद्यांच्या खोपटासारख्या खोलीत तिनं त्याला बसवलं आणि ते छोटं मशीन काढलं. दोन चिकट पॅड मानेशी, दोन उजव्या हातावर कोपराखाली, कारण कळ तिथवर उतरत होती. मशीनमधून बारीक करंट जातो, तो दुखणं बरं करत नाही, फक्त दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत जाऊ देत नाही, असं तिनं समजावलं.

"म्हणजे पोस्टमनला दारातच गप्पांत गुंतवायचं," तो म्हणाला. हे उदाहरण तिनं पुढं सगळ्या पेशंटना वापरलं.

ती हळूहळू बटण फिरवायची आणि विचारायची, "मुंग्या येतायत का?" तो तिच्या तोंडाकडे बघायचा. "अजून थोडं... थोडंसं... बास." हे एवढं बोलायला त्यांना दिवसेंदिवस जास्त वेळ लागू लागला.

पहिल्याच दिवशी तिनं एक गोष्ट मात्र बजावली होती. बोटांना कळेनासं झालं, हात बधिर वाटला, तर त्याच दिवशी सांगायचं. मग मशीन बंद, थेट सर्जनकडे.

"मग इथं यायचं नाही?"

"नाही."

तो पडद्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, पुढचा विनोद शोधतोय.

विनोदांना तसा तोटा नव्हता. माणूस हसला की दातांवरून त्याचं वय सांगता येतं, असं तो म्हणायचा, आणि तिचं वय मात्र सांगायचा नाही. एकदा पॅड काढता काढता त्यानं तिला ऐकवलं, "तुमचा वरचा एक दात जरासा पुढं आहे. तो कुणाला सरळ करू देऊ नका." लहानपणापासून ती तोंडावर हात धरून हसायची. त्या संध्याकाळी घरी जाताना तिच्या लक्षात आलं, हात खाली होता. दोघांमधलं 'तुम्ही' कधी गळून पडलं, ते तर कुणालाच कळलं नाही.

बाबांना त्यानं नवी कवळी करून दिली, तीही सगळं काम बाजूला ठेवून. बाबा खूश होते. मग एक दिवस जेवताना म्हणाले, "मुलगा चांगला आहे गं. पण कड टोचते." तिनं त्यांनाच झापलं. तुम्हाला कशात म्हणून समाधान नाही, म्हणाली. बाबा बिचारे टोचणारी कवळी घालून मुकाट जेवले.

आणि मग तो दिवस आला. आल्या आल्या तो म्हणाला, "आज झाल्यावर तुला काहीतरी विचारायचंय." काय विचारायचंय ते त्याच्या कानांच्या रंगावरून आंधळ्यालाही कळलं असतं. तिचे हात थाऱ्यावर राहिले नाहीत. पॅड लावले, बटण फिरवलं.

"हाताला मुंग्या येतायत का?"

"येतायत. अजून थोडं... बास. छान."

तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं. हाताच्या पॅडची वायर मशीनला लावलेलीच नव्हती. नुसती लोंबत होती.

तिला आधी आनंदच झाला. म्हणजे याचं दुखणं केव्हाच पळालंय आणि हा पठ्ठ्या रोज नाटक करतोय, माझ्यासाठी! तिनं वायर त्याच्या नाकासमोर हलवली. "नाटकी माणसा. दुखत नाही ना काही? मग कशाला येतोस रे?"

उत्तर तिला माहीत होतं, ते फक्त ऐकायचं होतं. पण तो हसला नाही. चोरी पकडली गेल्यासारखा त्याचा चेहरा उतरला. त्यानं उजवा हात हळूच मांडीखाली घेतला, आणि तिला बाबांचं बोलणं आठवलं. कड टोचते. ज्या माणसाचं बोट केसाएवढा खडबडीतपणा सोडत नसे, त्याच्या हातची कड.

"डोळे मीट," ती म्हणाली. कापसाचा बोळा घेऊन तिनं त्याच्या अंगठ्यावर फिरवला, तर्जनीवर, मधल्या बोटावर. तो काहीबाही सांगत राहिला. सगळं चुकीचं.

"मग रोज बास कसं म्हणायचास?"

"तुझ्या तोंडावरून कळायचं." डोळे त्यानं अजून मिटलेलेच ठेवले होते. "तू बटणावरून बोट उचलायला लागलीस, की मी बास म्हणायचो."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली होतीस... मग इथं यायचं नाही."

ती त्याच्यावर ओरडली. क्लिनिकमध्ये ती कधीच ओरडत नसे. पडद्यापलीकडच्या आजींनी काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून रडत होती. इतकं प्रेम कुणी केलं नव्हतं तिच्यावर, आणि इतका राग तिला कधी कुणाचा आला नव्हता.

ऑपरेशन झालं. मान मोकळी झाली, कळ गेली. बोटांचं मात्र सर्जन म्हणाले, फार उशीर झालाय, बघू. ते 'बघू' महिनेच्या महिने चाललं. दुकानाची किल्ली त्यानं भागीदाराला दिली आणि स्वतः पुढच्या बाकड्यावर बसून फोन घेऊ लागला. त्या दिवशीचा प्रश्न त्यानं विचारला नाही. तिनं छेडलं, तर म्हणाला, "बोटं परत आली तर विचारीन. नाहीतर नाही." तूच माझ्यासाठी बोटं घालवलीस, आता माझं ऐक, असं तिनं भांडून सांगितलं. त्यावर तो म्हणाला, म्हणूनच नाही. तू आयुष्यभर या हाताकडे बघून स्वतःला दोष देशील, ते मला बघवणार नाही.

शेवटच्या तपासणीला ती बरोबर गेली. सर्जननं टाचणी, कापूस, सगळं करून पाहिलं आणि या वेळी 'बघू'सुद्धा म्हटलं नाही, फक्त त्याच्या खांद्यावर थोपटलं. दोघं बाहेर येऊन हॉस्पिटलच्या बागेतल्या बाकावर बसले. दुपार होती. नुकतंच पाणी घातलेल्या मातीचा वास येत होता. त्याचा हात बाकावर पडला होता, आणि ती तीन बोटं तिनं आपल्या मुठीत धरली होती.

तो फाटकाकडे बघत बोलत होता. एकदम थांबला.

"ए... जाणवतोय गं. तुझा हात जाणवतोय मला."

पेशाची खोड म्हणा, तिनं मूठ अगदी हळू उघडली आणि हात काढून घेतला.

"डॉक्टरांना काय कळतंय टाचणीनं," तो म्हणाला. त्याची बोटं होती तशीच, काहीतरी धरल्यासारखी वळलेली. "आत्तासुद्धा. गरम आहे तुझा हात."

या वेळी तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलताना तो तिच्या तोंडाकडे बघायचा, आणि आता तो समोर बघत होता, इतका खूश, की तिला त्याच्याकडे बघवेना.

"मग विचारू का?" तो म्हणाला, आणि खाली पाहायला वळला.

त्याची नजर पोचायच्या आत तिनं हात परत जागेवर ठेवला.

"विचार," ती म्हणाली.