मेलेल्याचं रक्त

नागपूर विमानतळावरचं ‘श्वासवेध’ यंत्र बसवल्यापासून पहिल्यांदाच वाजलं, ते एका बाईपुढे. चाळिशीची, अंगानं बारीक, हातात एकच पिशवी. तिच्या पासपोर्टवर नाव होतं प्रणाली वैरागडे. यंत्राच्या पडद्यावर मात्र फरारी गुन्हेगारांच्या यादीतलं तुषार मोहोड हे नाव झळकत होतं.

कन्हान नदीच्या वाळूवरून झालेल्या टोळीयुद्धात तीन माणसांना गोळ्या घालून तुषार मोहोड देशाबाहेर पळाला होता. नऊ वर्षं जगभरचे पोलीस त्याच्या मागावर होते. गेल्याच आठवड्यात परदेशातल्या एका बंदराच्या गावात पोलिसांनी त्याच्या खोलीवर छापा घातला. छपरावरून उडी मारताना तो कोसळला आणि जागीच मेला. प्रणाली ही त्याची सख्खी बहीण. त्याचं प्रेत आणायला ती निघाली होती.

अर्ध्या तासात अधीक्षक सुधीर तायडे विमानतळावरच्या प्रयोगशाळेत येऊन पोचले. नऊ वर्षं मोहोडचा पाठलाग त्यांनीच केला होता आणि तो मेल्याचं पत्रकारांना त्यांनीच सांगितलं होतं. त्यांचा चेहरा उतरला होता.

“डॉक्टर, एकच सांगा,” दार लावत ते म्हणाले, “मेला तो कोण होता?”

यंत्राचं काम पाहणाऱ्या डॉ. शाल्मली पेडणेकर यांनी त्यांना बसायला सांगितलं. “तुषार मोहोडच. घाबरू नका.”

“मग तुमचं यंत्र चुकलं.”

“यंत्रही चुकलं नाही. आपल्या श्वासातल्या ओलाव्याबरोबर काही पेशी बाहेर पडतात. श्वासवेध त्यांच्यातला जनुकठसा वाचतो. या बाईंच्या श्वासात दोन ठसे आहेत. एक त्यांचा स्वतःचा, दुसरा त्यांच्या भावाचा.”

“एका माणसात दोन ठसे?”

“नऊ वर्षांच्या असताना त्यांच्या अस्थिमज्जेत रक्त तयार होणं थांबलं होतं. भावाची मज्जा जुळली. त्याच्या मूळपेशी यांच्या हाडांत रुजल्या, आणि तेव्हापासून यांचं सगळं रक्त त्याच पेशी बनवतात. त्वचा, केसांची मुळं यांची स्वतःची, रक्त त्याचं. पांढऱ्या पेशी तोंडात, श्वासनलिकेत उतरतात, त्या यंत्राला सापडल्या. हे सगळं त्यांनीच मला आत्ता सांगितलं.”

तायड्यांनी रुमालानं मान पुसली. ते चक्क हसले. “म्हणजे माझा माणूस मेलाच. जाऊ द्या बिचारीला.”

शाल्मली हसल्या नाहीत.

“साहेब, त्या तिघांचे खून तुषारनंच केले, हे कशावरून ठरलं?”

“खून झाले त्या गोदामात खुन्याचा हात काचेनं कापला होता. जमिनीवर रक्त पडलं होतं. त्याचा ठसा...” तायडे बोलता बोलता थांबले.

ते उठून खिडकीपाशी गेले.

“रक्त पुरुषाचं होतं,” ते म्हणाले.

“यांचंही रक्त पुरुषाचंच आहे. पिस्तूल सापडलं होतं ना? त्याच्या मुठीवर त्वचेच्या पेशी असतील.”

“होत्या. एका बाईच्या. घरातल्या कुणीतरी कधी हाताळलं असेल म्हणून आम्ही सोडून दिलं.” तायडे खिडकीकडे पाहत होते. “त्या वेळी तो रायपूरला होता, असं चार जणांनी सांगितलं होतं. सगळे त्याच्याच टोळीचे. कोण विश्वास ठेवणार? आणि रक्त तर खोटं बोलत नाही.”

त्या पेशींचा ठसा पोलिसांच्या संग्रहात होता. शाल्मलींनी प्रणालीच्या मनगटावरून कापसाचा बोळा फिरवला आणि दोन्ही ठसे ताडून पाहिले. ते तंतोतंत एक होते.

प्रणालीनं काहीच नाकारलं नाही. पिशवी मांडीवर घेऊन ती दोघांसमोर बसली होती.

“माह्या नवऱ्याले त्या तिघाईनं कन्हानच्या वाळूत जित्ता गाडला होता,” ती म्हणाली. “पोरगी दोन वर्षांची होती. मी भावाच्या कपाटातलं पिस्तूल घेतलं आन् गेली. त्याले काहीच म्हाईत नव्हतं. रायपूरहून आला तं पोलीस त्यालेच शोधत होते. मी म्हटलं, मीच जातो ठाण्यात. त्यानं मले बसवलं. म्हणे, ‘रक्त माहं हाय ना? मंग खूनही माहा. तू पोरगी वाढव.’ त्याच रात्री निंगाला.”

“आणि तुम्ही गप्प बसलात,” तायडे म्हणाले.

“दोनदा आली होती, साहेब. तुमच्याच ठाण्यात. एकदा तुमच्याच समोर बसली होती. तुम्ही म्हटलं, ‘बाई, भावाले वाचवाले असं सांगतेस. घरी जाय.’”

तायड्यांना आठवलं असावं. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि न पिताच खाली ठेवला.

“आता मले पकडा,” प्रणाली म्हणाली. “पोरगी आता मामीजवळ राहते, समजदार झाली. फक्त आधी भावाले घरी आणू द्या.”

तायड्यांनी शाल्मलींना बाहेर बोलावलं.

“हे आपल्या दोघांतच राहील,” ते म्हणाले.

“त्या कबूल करताहेत, साहेब!”

“पुढे काय? वकील म्हणेल, रक्त भावाचं असं तुम्हीच नऊ वर्षं जगाला सांगितलं. पिस्तूल घरात होतं, बहिणीचा हात लागला असेल. ती सुटेल. आणि मग सगळे मला विचारतील, छपरावरून पडून मेला तो कोण? कशासाठी मेला?” त्यांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. “मी त्याला ढकललं नाही, डॉक्टर. पण तो पळत होता माझ्यामुळे. खुनी मेला, खटला संपला. तसंच राहू द्या.”

त्यांनी यंत्राच्या यादीतून तुषारचं नाव काढायला सांगितलं. प्रणालीला पुढच्या विमानात जागा मिळवून दिली. ती पाठमोरी दिसेनाशी होईपर्यंत शाल्मली दाराशी उभ्या होत्या. मग आत येऊन त्यांनी यादीतून ते नाव काढलं.

काही दिवसांनी दुपारी त्यांचा फोन वाजला. पलीकडे खूप माणसांचा गलका होता.

“मॅडम, मी प्रणाली. इथले पोलीस भाऊ देत नाहीत मले.”

“का?”

“नातं पाह्याले बोटातून रक्त घेतलं.”

शाल्मली खुर्चीवरून उठल्या. हे आपल्या आधीच लक्षात यायला हवं होतं! “त्यांना सांगा, केसाचं मूळ घ्या. त्वचा घ्या. त्यात तुमचं स्वतःचं...”

“सांगतलं. मज्जेचंही सांगतलं. ते म्हणतात, तुमच्या पोलिसाचं तसं पत्र आणा, तवाच तपासू.”

“मी तायड्यांकडे जाते. लगेच.”

“मी केला होता त्याईले फोन. म्हणे, असं पत्र देता येत नाही.”

शाल्मलींच्या सहीला तायड्यांच्या सहीशिवाय परदेशात काही किंमत नव्हती. पलीकडे कुणीतरी परक्या भाषेत प्रणालीला बाजूला व्हायला सांगत होतं.

“इथला साहेब म्हणतो, हे बहिणीचं रक्त नाही, मेलेल्याचंच हाय,” ती म्हणाली. “म्हटलं, मंग मीच तुषार मोहोड, मले पकडा. तं म्हणे, थो तं मेला.”