मंगळवारी कोणासाठी?

तिच्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं. पाच महिने ते त्याच्या बॅगेत, माहितीपत्रकांखाली पडून होतं. पत्रात एकच प्रश्न होता... "दर मंगळवारी येत होतात, ते नक्की कोणासाठी?"

पहिली भेट चुकूनच झाली. तो वजनकाट्यांच्या कंपनीत विक्रेता. हॉस्पिटलात त्याला जायचं होतं बाळंतपणाच्या विभागात, शिरला तळघरातल्या स्टोअरमध्ये. बोलणाऱ्याची मातीही विकली जाते म्हणतात. याच्या मात्र तोंड उघडायचंच जिवावर येई. कंपनीत त्याला मौनीबाबा म्हणत. स्टोअर सांभाळणारी ती, सर्दीने लाल झालेलं नाक पुस्तकात खुपसून बसली होती. त्याने बाळांचा काटा टेबलावर मांडला आणि घोकलेलं भाषण एका दमात म्हणून टाकलं.

"संपलं पाठांतर?"

"हो... म्हणजे—"

"मग आता तुमचं काहीतरी बोला."

त्याने तिचं पुस्तक उचलून काट्यावर ठेवलं. सहाशे चाळीस ग्रॅम.

"एवढंच? वाचताना तर डोक्यावर मणभर ओझं वाटतंय!"

"शेवटी हलकं होतं. मी वाचलंय."

"शेवट सांगितलात तर ऑर्डर गेलीच समजा."

सहा काट्यांची ऑर्डर मिळाली. परतताना जिने कधी संपले कळलंही नाही. आज आपण कुणाच्या गळ्यात काही मारलं नव्हतं. जे हवं होतं तेच दिलं होतं. मग दर मंगळवारी काही ना काही निमित्त निघू लागलं. ती घड्याळाकडे बघत म्हणायची, "पाच मिनिटं उशीर. काटा बिघडला की माणूस?"

मग ती तीस तारीख आली.

"टार्गेटला चाळीस काटे कमी पडतायत," साहेब म्हणाले. "तुझ्या त्या स्टोअरवाल्या बाईंकडे आज विक्री दाखवून उतरव, तीन तारखेला उचलून आण. सगळेच करतात."

त्याने मान खाली घालून तिला विचारलं. तिने हातातलं पुस्तक मिटून बाजूला ठेवलं.

"तीन तारखेला नक्की न्याल?"

"कंपनी—"

"कंपनीचा नको. तुमचा शब्द द्या."

"माझा शब्द."

तिने सही केली.

तीन तारखेला साहेबांनी हात वर केले. "विकलेला माल कुणी परत घेतं का, वेड्या?" पाच तारखेला स्टोअरची तपासणी झाली, नको असलेले चाळीस काटे सापडले, ती निलंबित झाली. माल परत जाणार होता, हे तिचं म्हणणं कुणी ऐकेना. मग तिचं पत्र आलं. साहेबांनी बजावलं, "लेखी एक अक्षर देऊ नकोस. नोकरी जाईल." त्याने दिलं नाही. विक्रीतल्या पहिल्या क्रमांकाची ढाल मात्र घेतली.

घरी ताईने ती ढाल रोज पुसावी आणि त्याने तोंड फिरवावं. शेवटी ती वैतागली. "बक्षीस मिळालंय की शिक्षा रे?"

त्याने सगळं सांगितलं. ताईने हातातलं फडकं ठेवून दिलं.

"चौकशी कधी आहे तिची?"

"सोमवारी."

"आणि तू उत्तर देणार निवृत्त झाल्यावर?"

दुसऱ्या दिवशी कामावर न जाता तो लिहायला बसला. चार कागद फाडले.

"पहिल्या मंगळवारी काट्यासाठी आलो. नंतरचे सगळे मंगळवार तुमच्यासाठी. तीस तारखेला मात्र... नोकरीसाठी. माल परत नेण्याचा शब्द मी दिला होता, त्यावर विसंबून तुम्ही सही केलीत. हे पत्र चौकशीत दाखवा. वरचं सगळ्यांसमोर वाचलं जाईल, ठाऊक आहे. वाचू द्या. शेवट काय, तो तुम्ही सांगायचा."

खाली पूर्ण नाव, हुद्दा, कंपनी.

पोस्टातल्या कारकुनाने पाकीट काट्यावर टाकलं. काटा दुसऱ्या कंपनीचा होता.

"अठरा ग्रॅम. काय आहे आत?"

"उत्तर," तो म्हणाला... आणि शिक्का पडेपर्यंत तिथून हलला नाही.