आखूड झेंडे

कल्पिता ठाकूर आली तेव्हा पंढरी गोठणकर डोंबिवलीच्या ऑफिसात पेपर वाचत होता. पोलिसातून निवृत्त झाल्यापासून तो खासगी तपास करणाऱ्या आसावरी दातारांकडे मदतनीस होता. समोरचं माणूस खरं बोलतंय की नाही हे आपल्याला चेहऱ्यावरून कळतं, असा त्याचा समज होता. आसावरीबाईंनी तो समज आजवर बऱ्याचदा मोडला होता.

"मॅडम, उद्या माझ्यावर तक्रार होणारे," कल्पिता म्हणाली. "मी झेंड्यांचं कापड चोरलं म्हणून."

ती कळव्याची. गावातल्या बायकांच्या बचत गटात बेतणी, म्हणजे कापड मापाने कापायचं काम, तिच्याकडे होतं. ठाण्याच्या एका शिक्षण संस्थेने शाळांना वाटायला गटाकडून सुती राष्ट्रध्वज मागवले होते. ते पोचले, महिनाभर शीळफाट्याच्या गोडाऊनमध्ये राहिले आणि काल उघडले, तर सगळेच्या सगळे आखूड निघाले.

"आखूड म्हणजे?"

"नियमात लांबी-रुंदी तीनास दोन पाहिजे. याची लांबी कमी भरते. सगळे बोलतात, प्रत्येकातून पट्टी काढून मी कापड वाचवलं आणि विकलं." तिने पिशवी मांडीवर घेतली. "नाव खराब झालं ना, तर गटाला परत कोण काम देणार? आधीच पॉलिस्टरला परवानगी आल्यापासून आमच्याकडे कोण येत नाय. आणि तक्रार झेंड्याची. गावात तोंड कसं दाखवू?"

तिने पिशवीतून एक झेंडा काढला. तो कडक इस्त्रीचा होता. आसावरीबाईंनी टेबल पुसून घेतलं, झेंडा पसरला आणि दोऱ्याने निळं चक्र मोजलं. आधी उभं, मग आडवं. आडवं मोजताना दोऱ्याचं टोक किंचित उरलं. झेंडा उलटून त्यांनी तेच पुन्हा केलं. दोरा पुन्हा तेवढाच उरला.

"इस्त्री तुम्ही केली?"

"नाय. आम्ही नुसती घडी घालतो."

पंढरीने वहीत लिहिलं : मुलगी घाबरलेली. त्याला ते महत्त्वाचं वाटलं.

कळव्याच्या कारखान्यात, म्हणजे एका चाळीतल्या दोन खोल्यांत, आसावरीबाईंनी चक्र छापायचा साचा मागितला. दोरा पुन्हा निघाला. या वेळी उभं-आडवं सारखं भरलं. मग त्यांनी त्याच ताग्यातलं उरलेलं कापड मागितलं, त्यातला चौरस तुकडा कापला आणि एका बाईला सांगितलं, "हा कडकडीत पाण्यात धुऊन, वाळवून, इस्त्री करून उद्या ठाण्याला संस्थेच्या कचेरीत घेऊन या."

"बाई, कपडे धुवायला आलोय का आपण?" पंढरी पुटपुटला.

"पंढरी, तुम्ही झेंडे नेणाऱ्या टेम्पोवाल्याला शोधा."

टेम्पोवाला विकी शेजारच्याच गल्लीत सापडला.

"मी? मी कशाला हात लावू, भाऊ? कळव्यातनं उचललं, तासाभरात शीळफाट्याला टाकलं. फरसाणच्या खोक्यांत भरलेले झेंडे. मी गटातल्या बायांना बोललेलो पण, शाळेत पोरं झेंडा सोडून शेव शोधतील."

"खोकी फाटली? भिजली?"

"ऊन बघितलं होतं का त्या दिवशी? भिजली म्हणे."

शीळफाट्याच्या गोडाऊनला साईनाथ हा संस्थेचा भांडारपाल होता. नीटनेटका, हळू बोलणारा. पंढरीला तो पहिल्या नजरेत आवडला. झेंड्यांची खोकी वरच्या फळीवर होती. कोरी, तपकिरी, सगळी एका मापाची. भिंतीवर मात्र खालून हातभर उंच मातकट पट्टा होता.

"पाणी शिरतं इथे?"

"जुना डाग आहे, मॅडम."

"झेंडे आले ते याच खोक्यांत?"

"याच. मी उघडलीसुद्धा नाहीत. काल संस्थेच्या सचिवबाईंसमोर उघडली तेव्हाच कळलं." त्याने मान हलवली. "गरीब मुलगी आहे, पण राष्ट्रध्वज आहे हो. दुर्लक्ष कसं करणार?"

परत येताना पंढरी म्हणाला, "माणूस सज्जन वाटतो."

"सज्जन असेलही," आसावरीबाई म्हणाल्या. "घाबरलेला नक्की आहे."

दुसऱ्या दिवशी सगळे ठाण्याला संस्थेच्या कचेरीत जमले. झेंड्यांची खोकीही तिथे आणून ठेवली होती. संस्थेच्या सचिव शिवानीबाई निवृत्त मुख्याध्यापिका. तक्रारीचा कागद त्यांच्यापुढे सहीसाठी तयार होता.

"बाई, एक सांगा," आसावरीबाईंनी विचारलं. "आधीच्या झेंड्यावर चरखा होता. तो जाऊन चक्र का आलं?"

"एक कारण असं की चरखा मागून पाहिला की उलटा दिसतो. चक्र दोन्हीकडून सारखं दिसतं."

"या झेंड्यांवरही दोन्हीकडून सारखंच दिसतं. दोन्हीकडून उभट."

शिवानीबाई पुढे वाकल्या. त्यांनी दोरा हातात घेतला आणि स्वतः मोजलं.

"छापण्याचा साचा मी पाहिला, तो गोल आहे," आसावरीबाई म्हणाल्या. "कल्पिताने कापड आखूड कापलं असतं तर झेंडा आखूड झाला असता. चक्राला त्याचं काही कळलं नसतं, ते गोलच राहिलं असतं. इथे झेंड्याबरोबर चक्रही अरुंद झालंय. म्हणजे कापणी झाली, छपाई झाली आणि त्यानंतर कापड आटलं. हे झेंडे धुतलेत. कडकडीत पाण्यात."

कळव्याहून आलेला तुकडा त्यांनी टेबलावर ठेवला. तो चौरस राहिला नव्हता. ताग्याच्या लांबीच्या, म्हणजे झेंड्याच्याही लांबीच्या, बाजूने आक्रसला होता.

"कोणी धुतले?" पंढरीच्या तोंडून निघालं.

"गटाने धुतले असते तर इस्त्रीही तिथेच झाली असती, आणि मापाचं त्यांनाच आधी कळलं असतं. टेम्पोत ते तासभर होते. तेवढ्यात धुऊन वाळत नाहीत. उरलं गोडाऊन. विकीने फरसाणची खोकी पोचवली. आम्हाला कोरी दिसली. साईनाथ म्हणतात, खोकी उघडलीच नाहीत. मग बदलली कोणी? आणि बदलावी का लागली, ते भिंतीवरचा पट्टा सांगतो."

सगळ्यांच्या नजरा साईनाथकडे वळल्या.

"जमिनीवर ठेवली होती," तो म्हणाला. "एका रात्री पाणी आलं. सकाळी झेंडे चिखलात. झेंडा जमिनीला, पाण्याला लागू द्यायचा नाही, एवढं मला ठाऊक होतं. वाटलं, आता गुन्हा दाखल होणार, नोकरी जाणार. लाँड्रीत दिले. आटतील हे डोक्यातच आलं नाही."

"नियम मुद्दाम लागू देण्याबद्दल आहे," आसावरीबाई म्हणाल्या. "पाणी शिरलं यात गुन्हा नव्हता. तुम्ही या मुलीचं नाव पुढे केलंत, तो मात्र तुमचाच."

शिवानीबाईंनी तक्रारीचा कागद फाडला. "गटाला मी स्वतः पत्र देते. आणि नवे झेंडे तुम्हीच शिवायचे, कल्पिता."

"आणि हे?" कल्पिताने आखूड झेंड्यांकडे बोट केलं.

"खराब झालेला झेंडा टाकून देता येत नाही. खासगीत, मान राखून जाळायचा. आजच करू. तू थांबायला हवंस असं नाही."

"मी शिवलेत," कल्पिता म्हणाली. "मी थांबणार. साईनाथना पण थांबवा."

कचेरीच्या मागे बंद अंगण होतं. पंढरीने आपण होऊन टोपी काढली. खाली लोखंडी घमेल्यात जाळ पेटला होता. साईनाथ भिंतीशी उभा होता, पुढे यायला धजत नव्हता. कल्पिताने पहिला झेंडा उचलला, तीन घड्या नीट बसवल्या आणि त्याच्यापाशी गेली.

"दोन्ही हातांनी घ्या," ती म्हणाली. "आणि खाली टेकू देऊ नका."